मागचा डबा सुटला तर तो स्वतःच थांबला पाहिजे, हे जगाला शिकवणारा जॉर्ज वेस्टिंगहाऊस

अहमदाबाद हायवेवर चिल्हार फाट्याला वळलं की बोईसरचा रस्ता लागतो. तारापूर एमआयडीसीत जाणारा बराचसा माल याच रस्त्यानं येतो. केमिकलचे टँकर, कंटेनर, लांबलचक ट्रेलर. त्यांच्या मधूनच एखादी पिकअप जात असते, मागं दोन चाकांचा कॉम्प्रेसर नाहीतर जनरेटर टोचन करून. दोन्हींच्या मध्ये असते एक पिन. कधीकधी तर पिनच्या जागी नुसता जाडसा बोल्ट.

आता ही पिन चालत्या गाडीत निसटली तर काय होईल?

मोठ्या ट्रेलरच्या बाबतीत उत्तर ठरलेलं आहे. पुढचा घोडा, म्हणजे इंजिनचा भाग सुटला, की हवेचा पाइप तुटतो आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ड्रायव्हरला काहीच करावं लागत नाही. पिकअपमागच्या कॉम्प्रेसरला मात्र अशी सोय नसेल, तर उतार जिकडं नेईल तिकडं तो जातो.

मोठ्या ट्रेलरला ही अक्कल ज्याच्या डोक्यातून आली तो माणूस म्हणजे जॉर्ज वेस्टिंगहाऊस. त्याचं नाव निघालं की लोकांना वीज, टेस्ला आणि एडिसनबरोबरचं भांडण आठवतं. पण त्याची पहिली मोठी लढाई विजेची नव्हती, ब्रेकची होती.

वेस्टिंगहाऊसचा जन्म 6 ऑक्टोबर 1846 चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज या गावातला. वडील शेतीची यंत्रं बनवायचे. पुढं त्यांनी स्केनेक्टडी शहरात कारखाना टाकला आणि पोरगं तिथंच हत्यारं हाताळत मोठं झालं. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं तेव्हा तो आधी सैन्यात आणि मग नौदलात गेला. परत आल्यावर कॉलेजला नाव घातलं, पण तीनेक महिन्यांत मन उडालं आणि तो पुन्हा कारखान्यात आला. 1865 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्याच्या नावावर पहिलं पेटंट जमा झालं. त्यानंतर रुळावरून घसरलेले डबे परत रुळावर चढवायचं एक साधनही त्यानं बनवलं. थोडक्यात, रेल्वे बिघडते कुठं हे त्याला जवळून दिसत होतं.

त्याच सुमारास प्रवासात असताना त्याची गाडी अडकून पडली. पुढं दोन मालगाड्यांची टक्कर झाली होती. गंमत म्हणजे तिथं वळण नव्हतं, धुकं नव्हतं. रूळ सरळ होते आणि दोन्ही ड्रायव्हरना समोरची गाडी दिसलीही होती. दिसली, पण थांबवता आली नाही.

कारण त्या काळी गाडी थांबवायची पद्धतच तशी होती. प्रत्येक डब्यावर एक हातानं फिरवायचं चाक असायचं. ड्रायव्हरनं शिट्टी दिली की ब्रेकमन नावाचे कामगार ती चाकं फिरवून एकेका डब्याचा ब्रेक आवळायचे. मालगाडीत तर त्यांना टपावरून पळत एका डब्यावरून दुसऱ्यावर उड्या माराव्या लागत. पावसात, बर्फात, रात्रीसुद्धा. किती ब्रेकमन खाली पडून मेले आणि जायबंदी झाले याला गणती नव्हती.

आपल्याकडंही परिस्थिती वेगळी नव्हती. बोरघाटातून 1863 मध्ये रेल्वे सुरू झाली. तिथं दर 37 फुटांना एक फूट असा चढ होता. 1869 च्या जानेवारीत घाट उतरणारी मेल ब्रेकना आवरली नाही आणि रिव्हर्सिंग स्टेशनवर तिचा मोठा अपघात झाला. इंजिनाची ताकद वाढत होती, डबे वाढत होते, थांबवायचं काम मात्र अजून माणसाच्या मनगटावर होतं.

वेस्टिंगहाऊसनं आधी साखळीनं सगळे ब्रेक एकदम ओढता येतात का ते पाहिलं. मग वाफेचा विचार केला. पण वाफ लांबच्या डब्यापर्यंत जाईस्तोवर थंड होऊन तिचं पाणी होतं. अशात एका मासिकात त्याच्या वाचनात आलं, की फ्रान्स आणि इटलीच्या मध्ये आल्प्स पर्वतात बोगदा खोदायचं काम चालू आहे आणि तिथली ड्रिल मशीन दाबलेल्या हवेवर चालतात. हवा पाइपातून बोगद्यात खूप आतपर्यंत नेली जाते. हवा थंड झाली तरी तिचं पाणी होत नाही. त्याला हवी होती ती गोष्ट सापडली.

1868 मध्ये तो पिट्सबर्गला आला. इंजिनावर हवेचा पंप, सगळ्या डब्यांखालून एक पाइप आणि प्रत्येक डब्याला एक सिलिंडर. ड्रायव्हरनं कॉक उघडला की हवा पाइपातून जाऊन ब्रेक दाबणार. चाचणीला गाडी निघाली. बोगद्यातून बाहेर पडते न पडते तोच समोर रुळांवर एक घोडागाडी आडवी आली आणि तिचा गाडीवान रुळांवर पडला. ड्रायव्हर डॅनियल टेट यानं कॉक फिरवला आणि गाडी त्या माणसाच्या काही फूट अलीकडं थांबली. आतले पाहुणे सीटवरून फेकले गेले. एखादा शोध सिद्ध व्हायला याहून चांगली चाचणी ठरवूनही झाली नसती. एप्रिल 1869 मध्ये पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी वेस्टिंगहाऊस एअर ब्रेक कंपनी उभी राहिली. मालक अवघा बावीस वर्षांचा होता.

इथं गोष्ट संपली असती तर तो एक हुशार कारखानदार म्हणून राहिला असता. पण त्याला स्वतःच्याच ब्रेकमधली खोट दिसली.

पहिल्या ब्रेकमध्ये हवा आली तरच ब्रेक लागायचा. म्हणजे पाइप फुटला, पंप बंद पडला किंवा दोन डब्यांमधली कडी तुटली, तर ब्रेक गेलाच. ज्या वेळी ब्रेकची सगळ्यात जास्त गरज, नेमका त्याच वेळी तो नसणार.

1872 मध्ये त्यानं सगळा हिशोब उलटा केला. प्रत्येक डब्याला हवेची स्वतःची टाकी दिली आणि ट्रिपल व्हॉल्व्ह नावाची एक झडप बसवली. पाइपात हवेचा दाब कायम भरलेला ठेवायचा. दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले. दाब कमी झाला, की झडप उघडते आणि डब्याच्या टाकीतली हवा ब्रेक दाबते. ड्रायव्हरनं मुद्दाम दाब कमी केला तरी ब्रेक लागणार आणि पाइप तुटून कमी झाला तरी लागणार. गाडीचे दोन तुकडे झाले तर दोन्ही तुकडे आपापले थांबणार.

साधं वाटतं, पण विचार फार मोठा आहे. कडी कधीच तुटणार नाही असं धरून त्यानं काही बनवलं नाही. कडी कधी ना कधी तुटणारच असं धरून बनवलं.

ही गोष्ट किती गरजेची होती हे 12 जून 1889 ला आयर्लंडमधल्या आर्मा इथं दिसलं. सहलीच्या मुलांनी भरलेली गाडी चढावर अडकली. कर्मचाऱ्यांनी गाडीचे दोन भाग करून पुढचा भाग आधी वर न्यायचं ठरवलं. त्या गाडीचे ब्रेक आपोआप लागणारे नव्हते, डबे सोडले की ते निकामी व्हायचे. मागच्या डब्यांना आधार होता तो गार्डच्या हातब्रेकचा आणि चाकांखाली ठेवलेल्या दगडांचा. पुढचा भाग जरासा मागं सरकला, धक्का बसला, दगड चिरडले आणि डबे उतारावरून सुटले. मागून येणाऱ्या गाडीवर आदळून 80 जण गेले. त्यात बरीच लहान मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे झाले. अमेरिकेत तसाच कायदा मार्च 1893 मध्ये झाला आणि त्यात एअर ब्रेकबरोबर आपोआप जोडल्या जाणाऱ्या कपलिंगचीही सक्ती आली.

मधल्या काळात वेस्टिंगहाऊस गप्प बसला नव्हता. 1878 मध्ये इंग्लंडमध्ये कॅप्टन डग्लस गाल्टन यांच्याबरोबर त्यानं ब्रेकच्या चाचण्या घेतल्या. त्यात कळलं, की ब्रेक इतका दाबला की चाक जाम होऊन घसरायला लागलं, तर गाडी लवकर थांबत नाही, उलट उशिरा थांबते. आजच्या एबीएसमागं हाच मुद्दा आहे. पुढं 1886 आणि 1887 मध्ये अमेरिकेत 50 डब्यांच्या मालगाड्यांवर चाचण्या झाल्या. पुढच्या डब्यांना ब्रेक आधी लागायचा, मागच्यांना नंतर, आणि मागचे डबे पुढच्यांवर धडकायचे. तिथं त्याचाही ब्रेक कमी पडला. काही महिन्यांत त्यानं झडप बदलली, निरोप शेवटच्या डब्यापर्यंत झटकन पोचेल असं केलं आणि नवी गाडी गावोगाव नेऊन लोकांना दाखवली.

विजेची गोष्ट याच काळातली. 1886 मध्ये त्यानं वीज कंपनी काढली, 1888 मध्ये टेस्लाची पेटंट घेतली, 1893 च्या शिकागो प्रदर्शनात एसी करंटवर दिवे लावले. नायगाऱ्याची वीज 1896 मध्ये बफेलो शहरात पोचली तीही याच पद्धतीनं. समोर होती एडिसनची कंपनी, जी पुढं जनरल इलेक्ट्रिक झाली. याच जनरल इलेक्ट्रिकनं तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या बनवल्या, ज्या 1969 मध्ये सुरू झाल्या. म्हणजे भट्टी एडिसनच्या कंपनीच्या वारसदारांची, आणि तारेतून बाहेर जाणारी वीज मात्र वेस्टिंगहाऊस ज्यासाठी भांडला त्या एसी करंटची.

1907 च्या आर्थिक मंदीत वीज कंपनी त्याच्या हातातून गेली. ब्रेकची कंपनी टिकली. 12 मार्च 1914 ला न्यूयॉर्कमध्ये तो गेला. तेव्हा त्याच्या नावावर 360 हून जास्त पेटंट होती.

योगायोग बघा. त्याच 1914 साली डेट्रॉइटमधल्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहारानं एका लाकडाच्या व्यापाऱ्याची होडी न्यायला फोर्ड मोटारीमागं जोडायचा एक गाडा बनवला. ट्रकमागच्या ट्रेलरची सुरुवात इथून मानतात. रेल्वेचा प्रश्न आता रस्त्यावर आला आणि वेस्टिंगहाऊसचं उत्तरही त्याच्या मागोमाग मोठ्या ट्रकवर आलं.

भारतात रेल्वेनं अनेक दशकं व्हॅक्यूम ब्रेक वापरले आणि मग टप्प्याटप्प्यानं एअर ब्रेक आणले. व्हॅक्यूम ब्रेकचं तत्त्वही तेच होतं, पाइप तुटला की गाडी थांबणार. पालघर किंवा बोईसरला थांबणाऱ्या एक्सप्रेसमध्ये कुणी साखळी ओढतं तेव्हा ब्रेकच्या पाइपातली हवाच बाहेर सोडली जाते. बाकीचं काम दीडशे वर्षांपूर्वीचा विचार करतो.

राहिला पिकअपमागचा छोटा ट्रेलर. तिथं हवेचा पाइप नसतो, त्यामुळं वेस्टिंगहाऊसचं काम ड्रायव्हरलाच करावं लागतं.

पहिली गोष्ट, पिन तुटेल असं धरूनच निघायचं. टो बारच्या दोन्ही बाजूंना एकेक साखळी, आणि दोन्ही बारच्या खालून एकमेकींवरून फुलीसारख्या नेलेल्या. पिन गेली तर बार रस्त्यात न घुसता त्या फुलीवर पडतो. साखळी वळणावर ताणली जाऊ नये आणि रस्त्यावर घासूही नये. पिनला लॉक हवंच, बोल्ट टाकून काम भागवायचं नाही. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर सुटल्यावर ते ओढणारी केबल पिकअपच्या बॉडीला लावायची, हुकला नाही. हुकच तुटला तर केबलचा काय उपयोग?

दुसरी गोष्ट वजनाची. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भार हुकवर यायला हवा. त्यासाठी जड माल चाकांच्या थोडा पुढं ठेवायचा. माल मागं गेला तर ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो. तसं झालं तर करकचून ब्रेक मारायचा नाही आणि स्पीड वाढवून सरळ करायला जायचं नाही. स्टिअरिंग सरळ धरून हळूच ॲक्सिलरेटर सोडायचा. आणि पिकअप किती वजन ओढू शकते हे कंपनीच्या पुस्तिकेत बघायचं, गाडी ओढतेय म्हणून ओढायचं नाही. ओढणं आणि थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरी गोष्ट उताराची. पालघर-मनोर रस्त्यावरच्या वाघोबा घाटात उतरताना गिअर आधीच खाली घ्यायचा आणि न्यूट्रल करायचंच नाही. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर तो तापून ढिला पडतो. पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दुप्पट अंतर ठेवलेलं बरं. उभं राहायचं असेल तर चाकाला नीट उटी लावायची, आणि उटी काढायच्या आधी पुढची गाडी जोडलेली आहे का ते बघायचं. आर्मामध्ये चुकलं ते इथंच.

निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर एकदा थांबून पिन, साखळी, टायर आणि मागचे दिवे बघायला पाच मिनिटं लागतात. ट्रिपल व्हॉल्व्ह हे काम क्षणात करतो. पण पिकअपमागच्या ट्रेलरला तो नसतो, म्हणून ही पाच मिनिटं ड्रायव्हरनं द्यायची असतात.