जयजयकार आणि बंदी यांपलीकडचा ल्यूथर

१९५३ चा ‘मार्टिन ल्यूथर’ हा चित्रपट क्युबेकमध्ये रोखला गेला. १९५६ मध्ये शिकागोच्या दूरचित्रवाणीने कॅथलिकांच्या विरोधानंतर त्याचे प्रक्षेपण रद्द केले, तेव्हा प्रॉटेस्टंट खवळले. एका पक्षाला तो पाखंडी, दुसऱ्याला धर्मवीर! वास्तविक ल्यूथर (१४८३-१५४६) दोन्ही चौकटींत मावत नाही. १५१७ मध्ये त्याने पापमुक्तिपत्रांच्या विक्रीवर प्रहार केला; त्या विक्रीतून आर्चबिशप आल्ब्रेख्टचे फुगर पेढीचे कर्ज फिटत होते. १५२१ मध्ये वर्म्स येथे तो सम्राटापुढे नमला नाही. मात्र १५२५ मध्ये बंडखोर शेतकऱ्यांच्या कत्तलीस राजेरजवाड्यांना त्यानेच चिथावले. जॉन ऑस्बोर्न यांच्या १९६१ च्या नाटकाने ही बाजूही रंगमंचावर आणली. सुधारकाचे ऋण मानूनही त्याच्याकडे हिशेब मागणारा प्रेक्षकच इतिहासाला न्याय देतो.