जेआरडींचं विमान ज्यानं बनवलं, त्याच्या सगळ्यात गाजलेल्या विमानाला जाळायचा हुकूम निघाला होता

१५ ऑक्टोबर १९३२. जेआरडी टाटा टपालाच्या पिशव्या घेऊन कराचीहून उडाले, वाटेत अहमदाबादला थांबले आणि मुंबईत जुहूला उतरले. पुढे जी एअर इंडिया झाली तिची सुरुवात या उड्डाणापासून झाली, हे आपल्यापैकी बहुतेकांना माहीत आहे. पण जेआरडी ज्या इवल्याशा पस मॉथ विमानात बसले होते, ते बनवलं कुणी?

त्या माणसाचं नाव जेफ्री डी हॅविलंड. आपल्याकडच्या फ्लाइंग क्लबांत ज्या टायगर मॉथवर वैमानिकांच्या पिढ्या शिकल्या ते विमान त्यांच्याच कंपनीचं. भारतीय हवाई दलाचं पहिलं जेट, १९४८ मध्ये आलेलं व्हॅम्पायर, तेही त्यांच्याच कंपनीचं. आणि जगातलं पहिलं प्रवासी जेट विमान कॉमेट, तेही.

जेफ्रींचा जन्म २७ जुलै १८८२ चा, इंग्लंडमधल्या हाय विकम गावाजवळचा. वडील चर्चमध्ये पाद्री. घरात पैसा बेताचा आणि पोराला नाद यंत्रांचा. जाता जाता सांगायचं तर, 'गॉन विथ द विंड'मध्ये काम केलेली हॉलिवूडची नटी ऑलिव्हिया डी हॅविलंड ही नात्यानं त्यांची चुलत बहीण. पण या घरातलं पहिलं गाजलेलं नाव सिनेमातलं नव्हतं, विमानातलं होतं.

इंजिनिअरिंग शिकून जेफ्रींनी काही काळ नोकऱ्या केल्या, पण मन रमेना. राइट बंधूंच्या बातम्या येत होत्या आणि जेफ्रींना विमान बनवायचं होतं. पैसे दिले आईकडच्या आजोबांनी, १००० पौंड. नातवाला पुढे वारसा म्हणून जे मिळणार होतं तेच त्यांनी आधी हातावर ठेवलं. मदतीला मित्र फ्रँक हर्ल. आणि पंखांवरचं कापड शिवायला बायको, लुईझ. हाताने चालवायच्या शिलाई मशीनवर तिनं अख्ख्या विमानाचे पंख शिवले.

डिसेंबर १९०९ मध्ये हे विमान हॅम्पशायरमधल्या सेव्हन बॅरोज नावाच्या माळावर उताराला लावलं. ते जमिनीवरून उठलं, काही क्षण हवेत राहिलं आणि पंख मोडून खाली आलं. वैमानिक म्हणून आत खुद्द जेफ्रीच बसले होते. थोडक्यात वाचले. आजोबांचे बरेचसे पैसे त्या ढिगाऱ्यात गेले.

मग दुसरं विमान. १० सप्टेंबर १९१० ला ते त्याच माळावर नीट उडालं. म्हणजे उडायचं कसं हे शिकवणारं कुणी नाही, विमान घरचं आणि वैमानिकही घरचाच. सरकारच्या फार्नबरो इथल्या कारखान्याने ते ४०० पौंडांना विकत घेतलं आणि विमानाबरोबर जेफ्रींनाही नोकरीवर ठेवलं. पहिल्या महायुद्धात एअरको कंपनीसाठी त्यांनी आखलेली डीएच २, डीएच ४, डीएच ९ ही विमानं हजारोंनी बनली. युद्ध संपलं तशी मागणी आटली. मग १९२० मध्ये जेफ्रींनी स्वतःची कंपनी काढली.

या कंपनीला तारलं मॉथनं. १९२५ मध्ये आलेलं हे दोन माणसांचं हलकं विमान लष्करासाठी नव्हतं, हौशी माणसांसाठी होतं. जेफ्रींना लहानपणापासून पतंग आणि फुलपाखरं गोळा करायचा छंद, म्हणून नाव मॉथ, म्हणजे पतंग. पुढची सगळी भावंडंही त्याच घराण्यातली: जिप्सी मॉथ, पस मॉथ, टायगर मॉथ, लेपर्ड मॉथ. १९३० मध्ये एमी जॉन्सन एकटीनं इंग्लंडहून ऑस्ट्रेलियाला गेली ती जिप्सी मॉथमधून आणि दोन वर्षांनी जेआरडी आले ते पस मॉथमधून.

इथवरची गोष्ट यशस्वी कारखानदाराची. खरी पैज पुढे आहे.

१९३८-३९ मध्ये दुसरं महायुद्ध तोंडावर आलं होतं. सगळं जग धातूच्या, बंदुका बसवलेल्या जड बॉम्बफेकी विमानांच्या मागे होतं. जेफ्रींनी ब्रिटिश सरकारपुढे अगदी उलटा प्रस्ताव ठेवला. विमान लाकडाचं करायचं. त्यावर बंदूक एकही नाही. माणसं फक्त दोन. वजन इतकं कमी आणि वेग इतका जास्त की शत्रूचं विमान गाठूच शकणार नाही. अधिकाऱ्यांना ही थट्टा वाटली. १९३९ मध्ये लाकडी विमान म्हणजे मागच्या युद्धातली गोष्ट होती.

जेफ्रींचा हिशोब मात्र सरळ होता. युद्धात धातू मिळणार नाही आणि धातूचं काम जाणणारे कामगारही मिळणार नाहीत. सुतार मात्र मोकळे असतील. सर विल्फ्रेड फ्रीमन या एकाच बड्या अधिकाऱ्याने त्यांची बाजू लावून धरली आणि काम सुरू झालं.

ऑक्टोबर १९३९ मध्ये मोजके अभियंते लंडनच्या उत्तरेला असलेल्या सॅलिसबरी हॉल या जुन्या वाड्यात हलवले गेले. भोवती खंदक, आजूबाजूला शेती. शेजारी कोठारासारखं दिसणारं एक हँगर उभारून त्यात पहिलं विमान बांधायला घेतलं. विमानाचं धड उभं कापल्यासारखं दोन भागांत बनवायचं, शेंगेच्या दोन टरफलांसारखं. प्रत्येक टरफलात बाहेरून-आतून बर्चचा प्लायवूड आणि मध्ये अतिशय हलकं बाल्सा लाकूड. तारा, नळ्या आधीच बसवायच्या आणि मग दोन्ही भाग चिकटवून टाकायचे. तयार विमान ट्रकवरून हॅटफिल्डच्या कारखान्यात नेलं. आपल्याच तोफांनी पाडू नये म्हणून ते पिवळं रंगवलं होतं. २५ नोव्हेंबर १९४० ला ते उडालं. चालवत होता मोठा मुलगा, त्याचंही नाव जेफ्रीच.

हे मॉस्किटो. नंबर डब्ल्यू ४०५०.

पुढे अशी ७७८१ विमानं बनली. फर्निचरच्या कारखान्यांनी सुटे भाग बनवले, त्यात हाय विकमचे सुतारही होते, म्हणजे जेफ्रींच्या जन्मगावचे. ३० जानेवारी १९४३ ला हिटलरच्या सत्तेला दहा वर्षं झाली म्हणून गोरिंग रेडिओवर भाषण करणार होता. नेमक्या त्या वेळी भर दिवसा मॉस्किटो बर्लिनवर पोचली आणि भाषण तासभर लांबलं.

या विमानाचा एक कच्चा दुवा मात्र आपल्याच भागात उघडा पडला. १९४४ मध्ये भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर मॉस्किटोंचे हवेतच तुकडे होण्याचे अपघात झाले. काही काळ इथली मॉस्किटो जमिनीवरच ठेवावी लागली. चौकशीला जेफ्रींचा धाकटा भाऊ हेरेवर्ड भारतात आला. काहींनी दोष दिला जोडकामातल्या हलगर्जीला, काहींनी इथल्या दमट हवेला. वाद कुणाच्याही बाजूने सुटो, लाकूड, गोंद आणि ओलावा यांचं पटत नाही हे कोकणात घर असलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

विमानांनी जेफ्रींना मोठं केलं आणि त्यांचं घरही खाल्लं. ऑगस्ट १९४३ मध्ये दोन मॉस्किटो हवेत एकमेकांवर आदळली, त्यात धाकटा मुलगा जॉन गेला. २७ सप्टेंबर १९४६ ला डीएच १०८ या बिनशेपटाच्या जेटची चाचणी घेताना ते हवेत फुटलं आणि मोठा मुलगा जेफ्री गेला. मॉस्किटो पहिल्यांदा उडवणारा तोच. पहिल्या विमानाचे पंख शिवणारी लुईझ हे सहन करू शकली नाही. ती १९४९ मध्ये वारली. तीन मुलांपैकी पीटर तेवढा उरला.

त्याच १९४९ मध्ये २७ जुलैला, जेफ्रींच्या ६७ व्या वाढदिवशी, कॉमेट पहिल्यांदा उडालं. २ मे १९५२ ला ते प्रवासी घेऊन लंडनहून जोहान्सबर्गला निघालं. जगात पहिल्यांदाच तिकीट काढून लोक जेटमध्ये बसले. बरोबर एका वर्षानं, २ मे १९५३ ला, कोलकात्याच्या डमडमवरून उडालेलं कॉमेट वादळात तुटलं आणि ४३ माणसं गेली. तेव्हा दोष वादळावर गेला. पण जानेवारी १९५४ मध्ये एल्बा बेटाजवळ आणि एप्रिलमध्ये नेपल्सजवळ आणखी दोन कॉमेट समुद्रात पडली. मग एक अख्खं कॉमेट पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात हजारो उड्डाणांइतका दाब पुन्हा पुन्हा भरला गेला. खिडक्या-झरोक्यांच्या कोपऱ्यांशी धातू थकून चिरतो, हे तेव्हा कळलं. आज तुम्ही कुठल्याही विमानात बसलात की खिडकीला टोकदार कोपरे दिसत नाहीत. त्यामागे हीच चौकशी आहे.

सुधारलेलं कॉमेट १९५८ मध्ये अटलांटिक ओलांडून प्रवासी नेऊ लागलं, पण तोवर बाजार बोइंगकडे वळला होता. १९६० च्या सुमारास डी हॅविलंड कंपनी हॉकर सिडलीत विलीन झाली.

आणि ते पहिलं पिवळं मॉस्किटो? १९४१ मध्ये चाचण्यांच्या वेळी त्याचं धड तडकलं, तेव्हा दुसऱ्या विमानासाठी बनवलेलं धड त्याला बसवलं गेलं. युद्ध संपल्यावर ते या शेडमधून त्या शेडमध्ये फिरत राहिलं. कारखान्यांना जागा हवी असते आणि जुनं लाकडी विमान फक्त जागा अडवतं. शेवटी ते जाळून टाकायचा हुकूम निघाला. कंपनीच्या प्रसिद्धी विभागातल्या बिल बेर्ड यांनी तो कानाआड केला आणि विमान लपवून ठेवलं.

इकडे १९५५ मध्ये वॉल्टर गोल्डस्मिथ नावाच्या निवृत्त मेजरनी पडीक झालेला सॅलिसबरी हॉल घेतला. या आवारात युद्धकाळात काय घडलं होतं ते कळल्यावर त्यांनी कंपनीशी संपर्क साधला. बेर्डना विमानासाठी छप्पर हवं होतं, गोल्डस्मिथकडे जागा होती. १९५८ मध्ये डब्ल्यू ४०५० जिथे बनलं होतं त्याच आवारात परत आलं, तिथे एक हँगर उभं राहिलं आणि १९५९ मध्ये ते लोकांना बघायला खुलं झालं. ब्रिटनमधलं हे सगळ्यात जुनं विमान संग्रहालय.

जेफ्री २१ मे १९६५ ला गेले. त्यांची रक्षा विमानातून सेव्हन बॅरोजच्या माळावर सोडली.

संग्रहालय तेव्हापासून चालतंय ते मुख्यतः स्वयंसेवकांवर. त्यात निवृत्त अभियंते आहेत, हौशी सुतार आहेत, तिकीट फाडणारे आणि फरशी पुसणारेही आहेत. काम दिसायला रटाळ आहे. जुना गोंद सुटला का बघायचं, कापड काढून खालचा प्लायवूड कुजला का तपासायचा, सुटे भाग जगभर शोधायचे, नाही मिळाले तर जुन्या आराखड्यांवरून बनवायचे. एका विमानावर वर्षंच्या वर्षं जातात. धातूचं विमान काही काळ पाऊस सोसतं, मॉस्किटोला ती सोय नाही. म्हणून इथे जीर्णोद्धारापेक्षा छपराची किंमत जास्त आहे आणि हँगरसाठी पैसा उभा करणं हे सगळ्यात मोठं काम.

विमानं टिकली तर काय होतं, हे आपण एकदा पाहिलंय. १९८२ मध्ये ७८ वर्षांच्या जेआरडींनी कराची ते मुंबई हे उड्डाण पुन्हा केलं, ते लेपर्ड मॉथमधून. पन्नास वर्षांपूर्वीच्या जातीचं एक विमान कुणीतरी उडण्याजोगं राखलं होतं म्हणून ते जमलं.

सॅलिसबरी हॉलमध्ये आज तीन मॉस्किटो एका छपराखाली आहेत आणि त्या हँगरला नाव आहे वॉल्टर गोल्डस्मिथ यांचं. लॉटरीच्या वारसा निधीच्या मदतीनं अलीकडे आणखी एक मोठं हँगर झालं. त्यात एअर फ्रान्सच्या ताफ्यातल्या एका जुन्या कॉमेटचं धड आणून ठेवलंय. पंख नाहीत, शेपूट नाही. मूळच्या चौकोनी खिडक्या मात्र तशाच आहेत आणि जवळ जाऊन त्यांचे कोपरे बघता येतात.