विश्लेषण : डेथ मेटल अल्बममधल्या लढाईत पडलेला ‘अखेरचा व्हायकिंग’ राजा कोण होता?

‘अमॉन अमार्थ’ या स्वीडिश बँडचा ‘बर्सर्कर’ हा अकरावा अल्बम ३ मे २०१९ रोजी आला. त्यातले एक गाणे १०६६ मधील स्टॅमफर्ड ब्रिजच्या लढाईवर आहे. पुलावर एकट्याने शत्रूला अडवणारा निनावी योद्धा हा त्या गाण्याचा नायक. मात्र त्याला तिथवर नेणारा नॉर्वेचा राजा हॅराल्ड हार्डराडा याचे आयुष्य त्याहून नाट्यमय होते. शिवाय व्हायकिंग म्हटल्यावर डोळ्यांसमोर येणाऱ्या चित्रात ते पूर्णपणे बसत नाही.

हे संगीत नेमके काय आहे?

डेथ मेटलमध्ये गायक घशातून खोल, गुरगुरणारा आवाज काढतो आणि ड्रमचा वेग प्रचंड असतो. मेलोडिक डेथ मेटलमध्ये याला गिटारच्या सुरेल धुनांची जोड मिळते. ही शैली १९९०च्या दशकात मुख्यतः स्वीडनमध्ये रुजली. स्टॉकहोमजवळच्या टुंबा गावातून आलेल्या ‘अमॉन अमार्थ’ने ओडिन, थॉर आणि व्हायकिंग लढाया हेच आपले विषय ठेवले. बँडचे नाव मात्र टोल्किनच्या काल्पनिक विश्वातील ज्वालामुखीचे आहे.

हॅराल्डची सुरुवात कशी झाली?

हॅराल्डचा जन्म १०१५च्या सुमाराचा. त्याचा सावत्र भाऊ ओलाफ हा नॉर्वेचा पदच्युत राजा होता. राज्य परत मिळवण्यासाठी ओलाफ १०३० मध्ये स्टिकलस्टॅड येथे लढला आणि मारला गेला. पंधरा वर्षांचा हॅराल्ड त्या लढाईत जखमी झाला, पण निसटला. पुढे ओलाफला संत मानले गेले. म्हणजे हॅराल्ड संताचा भाऊ आणि स्वतः ख्रिस्ती होता. ओडिनच्या उपासकांचे युग तोवर मावळत आले होते.

परदेशात त्याने काय कमावले?

तो आधी कीव्हला राजा यारोस्लावच्या आश्रयाला गेला. १०३४च्या सुमारास तो कॉन्स्टँटिनोपलला, म्हणजे आजच्या इस्तंबूलला पोहोचला. बायझंटाइन सम्राटाच्या सेवेत उत्तरेकडील योद्ध्यांची ‘व्हॅरँजियन गार्ड’ ही खास तुकडी असे. हॅराल्ड तिथे भाडोत्री सैनिक म्हणून दाखल झाला आणि अधिकारी झाला. सिसिली आणि बल्गेरियातील मोहिमांत तो लढला, याची नोंद त्या काळच्या एका बायझंटाइन ग्रंथातही आहे. लढायांतून मिळालेली संपत्ती त्याने यारोस्लावकडे सुरक्षित ठेवायला पाठवल्याचे सागा, म्हणजे जुन्या नॉर्स कथा सांगतात. परतीच्या वाटेवर त्याने यारोस्लावची मुलगी एलिसिव्ह हिच्याशी विवाह केला.

तो राजा कसा झाला?

नॉर्वेच्या गादीवर तेव्हा ओलाफचा मुलगा मॅग्नस होता. काका-पुतण्याच्या युद्धाऐवजी तडजोड झाली. सागांनुसार हॅराल्डने अर्धी संपत्ती देऊन अर्धे राज्य घेतले. १०४७ मध्ये मॅग्नस वारला आणि हॅराल्ड एकटा राजा उरला. ‘हार्डराडा’ म्हणजे कठोर राज्यकर्ता. विरोधी सरदारांना त्याने निर्दयपणे संपवले. डेन्मार्कवर तो वर्षानुवर्षे चाल करून जात राहिला. १०६२ मध्ये निसा येथील समुद्री लढाई त्याने जिंकली, पण डेन्मार्क हाती आला नाही. अखेर १०६४ मध्ये तह करावा लागला.

इंग्लंडची मोहीम का फसली?

जानेवारी १०६६ मध्ये इंग्लंडचा राजा एडवर्ड निपुत्रिक वारला आणि हॅरॉल्ड गॉडविन्सन गादीवर आला. मॅग्नसने केलेल्या एका जुन्या कराराचा आधार घेऊन हॅराल्डने त्या गादीवर दावा सांगितला. नव्या राजाचा हद्दपार भाऊ टॉस्टिग त्याला येऊन मिळाला. सुमारे ३०० जहाजे घेऊन हे सैन्य उत्तर इंग्लंडमध्ये उतरले. २० सप्टेंबरला फुलफर्डची लढाई जिंकल्यावर यॉर्कही शरण आले.

या विजयाने हॅराल्ड गाफील राहिला. २५ सप्टेंबरला तो शहराचे ओलीस ताब्यात घेण्यासाठी स्टॅमफर्ड ब्रिजला गेला. सैन्याचा एक भाग जहाजांपाशीच थांबला होता. दिवस गरम असल्याने सोबतच्यांनीही चिलखते जहाजांवर ठेवली, असे सागा सांगतात. इंग्लंडचा राजा दूर दक्षिणेत असल्याचा त्याचा समज होता. प्रत्यक्षात गॉडविन्सन सुमारे ३०० किलोमीटर अंतर चारेक दिवसांत तोडून येऊन ठेपला होता. सागांनुसार घशात बाण लागून हॅराल्ड कोसळला. टॉस्टिगही मारला गेला. वाचलेल्यांना परत न्यायला जेमतेम २४ जहाजे पुरली.

गाण्यातला योद्धा खरा होता का?

पुलावरच्या योद्ध्याचा मजकूर अँग्लो-सॅक्सन बखरीच्या एका प्रतीत नंतर जोडलेला आहे. त्यात कुऱ्हाडीचा उल्लेख नाही. ती पुढच्या लेखकांच्या वर्णनात येते. तो होता की नव्हता, हे ठरवणे त्यामुळे अवघड आहे.

लढाईचा परिणाम मात्र ठोस आहे. तीनच दिवसांनी नॉर्मंडीचा विल्यम इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरला. गॉडविन्सनला थकलेले सैन्य घेऊन पुन्हा दक्षिणेकडे धावावे लागले आणि १४ ऑक्टोबरला हेस्टिंग्ज येथे तोही पडला. हॅराल्डला इंग्लंड मिळाले नाही. पण ते दुसऱ्याच्या हाती जाण्याची वाट त्याच्या पराभवाने मोकळी केली.