पंढरीचं दार उघडण्याआधी गुरुजी गावोगाव फिरले

आज ११ जून, साने गुरुजींची पुण्यतिथी. 'श्यामची आई' आपण सगळ्यांनीच शाळेत वाचलीय. त्यामुळे गुरुजी म्हटलं की एक हळवा माणूस डोळ्यासमोर येतो. पण दुभंगलेली गावं तरुण पोरांना हाताशी धरून कशी जोडायची, हेही याच माणसाने दाखवलं. त्या कामात आपल्या पारनेरचाही वाटा आहे.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ चा, कोकणातल्या पालगडचा. घरची गरिबी. १९२४ मध्ये ते अमळनेरच्या शाळेत मास्तर झाले आणि वसतिगृहही सांभाळू लागले. आजारी पोरांची सेवा ते स्वतः करायचे. १९३० मध्ये नोकरी सोडून सत्याग्रहात उतरले आणि तुरुंगात गेले. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात दक्षिणेकडच्या भाषा बोलणारे कैदी भेटले. आपल्याच देशातल्या माणसाची भाषा आपल्याला कळत नाही, ही खंत त्यांना तिथे लागली. 'श्यामची आई' लिहिली ती १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात.

४ जून १९४१ रोजी राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली. दलप्रमुख होते एस. एम. जोशी, पण पोरांचा जीव गुरुजींवर. संध्याकाळी शाखेत सगळ्या जातिधर्मांची मुलंमुली एकत्र खेळायची, गाणी म्हणायची, चर्चा करायची. शिबिरात एकत्र जेवायची, श्रमदान करायची. कलापथकं गावच्या चावडीपुढे कार्यक्रम करायची. अभिनेते निळू फुले याच सेवा दलात घडले.

त्या काळी पंढरपूरच्या विठ्ठल मंदिरात दलितांना प्रवेश नव्हता. निवृत्तीनाथांची पालखी दर आषाढीला आपल्या जिल्ह्यातून पंढरीला जाते, पण तिथे पोचूनही कित्येकांना बाहेरूनच हात जोडावे लागायचे. १९४६ च्या अखेरीस गुरुजींनी यासाठी प्राणांतिक उपोषणाचा निश्चय केला. मात्र आधी लोकांची मनं तयार करू, असं सहकाऱ्यांनी समजावल्यावर ते सुमारे सहा महिने थांबले.

थांबले म्हणजे बसून राहिले नाहीत. आपल्या पारनेरचे सेनापती बापट आणि सेवा दलाची पोरं सोबत घेऊन त्यांनी महाराष्ट्र पिंजून काढला. सभा घेतल्या, लोकांना समजावलं. ठिकठिकाणी गावची मंदिरं आणि विहिरी सगळ्यांना खुल्या झाल्या.

१ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण सुरू झालं. जागा द्यायला लोक कचरत होते, तेव्हा तनपुरे महाराजांनी आपला मठ दिला. गांधीजींनाही आधी हे उपोषण पटलं नव्हतं, तरी गुरुजी हटले नाहीत. अखेर १० मे रोजी मंदिर खुलं करण्याचं ठरलं आणि उपोषण सुटलं.

पुढच्याच वर्षी गांधीजींची हत्या झाली. महाराष्ट्रात कित्येक गावांत ब्राह्मणांची घरं जळाली. गुरुजींनी २१ दिवस उपवास केला. १५ ऑगस्ट १९४८ ला 'साधना' साप्ताहिक काढलं. वेगवेगळ्या प्रांतांतल्या तरुणांनी एकमेकांची भाषा शिकावी म्हणून 'आंतरभारती'चं स्वप्न मांडलं. पण मनाने ते खचत गेले. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच जीवनयात्रा संपवली.

माणूस गेला, पण पेरलेलं उगवलं. सेवा दलातूनच पुढे आलेल्या बाबा आढावांनी १९७० च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' चळवळ चालवली.

बातमीसाठी फिरताना मला नेहमी एक गोष्ट खटकते. गावात तेढ झाली की पोलीस येतात, शांतता कमिटीची बैठक होते, चहा होतो, फोटो निघतो. कमिटीत सगळे पिकल्या केसांचे. मोबाईलवर आग लावणारे मेसेज फिरवणारी पोरं मात्र बाहेर पारावर बसलेली असतात. त्यांना कुणी आत बोलवत नाही, आणि एरवीही कुणी एकत्र आणत नाही.

भांडण झाल्यावर मिटवायला सगळेच धावतात. गुरुजींनी पोरांना भांडणाआधीच एका पंगतीला बसवलं होतं. यंदा पावसाळ्यात झाडं लावायची असतील, शाळेची भिंत रंगवायची असेल, तर सगळ्या आळ्यांतली पोरं एकत्र बोलवा. एकत्र घाम गाळलेली पोरं एकमेकांवर दगड उचलताना दहादा विचार करतील.