ओव्हिलेर मठाचे कोठारप्रमुख दोम पेरिन्यों

शहापूरहून कसारा घाट चढला की पुढे नाशिकच्या द्राक्षबागा लागतात आणि मुरबाडहून माळशेज ओलांडला की जुन्नर तालुक्यातील नारायणगाव येते. याच नारायणगावात १९८० च्या दशकात शँपेनच्या फ्रेंच पद्धतीने फेसाळणारी भारतीय वाईन तयार झाली. त्या पद्धतीशी ज्यांचे नाव जगभर जोडले जाते ते दोम पिएर पेरिन्यों हे बेनेडिक्टाइन संन्यासी होते. ‘दोम’ हे त्या संघातील संन्याशांचे आदरार्थी संबोधन.

त्यांचा जन्म १६३८ साली फ्रान्सच्या शँपेन प्रांतात झाला. येशूसंघीयांच्या शाळेत शिकून ते व्हर्डनच्या मठात दाखल झाले आणि १६६८ साली ओव्हिलेर मठाचे कोठारप्रमुख झाले. युद्धांनी हा मठ खिळखिळा झाला होता. मठाचा चरितार्थ बव्हंशी द्राक्षमळ्यांवर चाले, खंडाची द्राक्षेही आसपासच्या गावांतून येत. हिशेब, दुरुस्ती आणि तळघर यांचा भार पेरिन्यों यांनी मृत्यूपर्यंत, म्हणजे ४७ वर्षे वाहिला.

वेगवेगळ्या मळ्यांतील द्राक्षांचा रस काढण्यापूर्वीच त्यांचा मेळ घालण्यात त्यांचा हातखंडा होता. काळ्या द्राक्षांतून स्वच्छ पांढरा द्राक्षारस काढण्याचे तंत्रही त्यांनी जोपासले. सालीचा रंग उतरू नये म्हणून द्राक्षे हलक्या हाताने व झटपट दाबावी लागत. मठाच्या द्राक्षारसाला त्यामुळे चांगला भाव येऊ लागला.

मग फेसाचे काय? कडाक्याच्या थंडीत आंबण्याची क्रिया थांबे, वसंतात पुन्हा सुरू होई आणि बाटल्या फुटत. त्या काळी हा दोष मानला जाई व तो टाळण्यावरच त्यांचा भर होता. साखर घालून द्राक्षारस फेसाळ करण्याची इंग्रजांची रीत ख्रिस्तोफर मेरेट यांनी १६६२ सालीच नोंदवली होती. पेरिन्यों शँपेनचे जनक, ही कथा मठाचे एक माजी अधिकारी दोम ग्रुसार यांच्या १८२१ सालच्या पत्राने रूढ झाली. आपल्या मठाचा लौकिक वाढावा ही त्यांची इच्छा समजण्यासारखी आहे, पण त्यापायी खऱ्या माणसाचे कष्ट मात्र झाकले गेले. १९३६ साली तर एका महागड्या शँपेनलाच पेरिन्यों यांचे नाव मिळाले.

सप्टेंबर १७१५ मध्ये ते प्रभूघरी गेले. फ्रेंच राज्यक्रांतीत मठ बंद पडला. ओव्हिलेरच्या चर्चमध्ये त्यांची समाधी आहे.