टेलिफोनचे गणिती : आग्नेर क्रारुप एर्लांग

कित्येक थोर पुरुषांचीं नांवें त्यांच्या पुतळ्यांवरून किंवा त्यांनीं जिंकलेल्या लढायांवरून आपणांस ठाऊक असतात. परंतु ज्यांचें नांव संगणकाच्या एका भाषेस मिळालें, अशा एका शांत व निगर्वी गणितज्ञाचें चरित्र आज विद्यार्थिमित्रांपुढें ठेवावयाचें आहे.

आग्नेर क्रारुप एर्लांग यांचा जन्म डेन्मार्क देशाच्या जटलंड भागांतील लोनबोर्ग या खेड्यांत ता. १ जानेवारी १८७८ रोजीं झाला. त्यांचे वडील गांवच्या शाळेंत शिक्षक होते. थोरला भाऊ पुस्तक वाचीत बसला म्हणजे लहानगा आग्नेर समोर बसून तेंच पुस्तक उलट्या बाजूनें वाची, अशी त्यांच्या बालपणाची आठवण सांगतात. वयाच्या चौदाव्या वर्षीं, वय कमी म्हणून खास परवानगी काढून, ते कोपनहेगन येथील परीक्षेस बसले व उत्तम रीतीनें उत्तीर्ण झाले. पुढें दोन वर्षें त्यांनीं वडिलांच्याच शाळेंत शिकविलें. १८९६ सालीं विद्यापीठांत प्रवेश मिळवून १९०१ सालीं त्यांनीं गणिताची पदवी घेतली आणि सुमारें सात वर्षें निरनिराळ्या शाळांतून अध्यापन केलें.

कोपनहेगन टेलिफोन कंपनीचे मुख्य इंजिनियर योहान येन्सेन हे स्वतः हौशी गणितज्ञ होते. गणितमंडळांत एर्लांग यांची व त्यांची ओळख झाली आणि १९०८ सालीं एर्लांग त्या कंपनींत दाखल झाले. तेथें एक कोडें त्यांची वाट पाहत होतें. लाईनी थोड्या घातल्या तर बोलूं इच्छिणारे लोक विन्मुख होतात. अधिक घातल्या तर पैसा व्यर्थ जातो, आणि तो अखेर ग्राहकांच्याच खिशांतून निघतो. कोणीं केव्हां बोलावें हें तर ज्याच्या त्याच्या मर्जीवर ! मग लाईनी किती हव्यात हें सांगावें कोणीं ?

एर्लांग यांनीं १९०९ सालीं दाखवून दिलें कीं, एकेकटा मनुष्य टेलिफोन केव्हां उचलील हें सांगतां आलें नाहीं, तरी पुष्कळ माणसें आपापल्या इच्छेनें बोलूं लागलीं म्हणजे त्यांच्या मागण्यांची संख्या संभवशास्त्राच्या एका ठराविक नियमास अनुसरते. १९१७ सालीं त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या सूत्रांवरून किती जणांस नकार मिळेल व किती वेळ वाट पाहावी लागेल, हें कागदावर काढतां येऊं लागलें.

एक उदाहरण पाहूं. एका तासांत सरासरी २० मागण्या येतात व प्रत्येक संभाषण सरासरी ३ मिनिटें चालतें असें समजा. गुणाकार ६० मिनिटें येतो. तेव्हां एक लाईन पुरेल असें कोणासही वाटेल. परंतु मागण्या रांगेनें एकामागून एक येत नाहींत. एकच लाईन असल्यास निम्म्या लोकांस नकार मिळतो. दोन असल्यास पांचांतील एकास, तीन असल्यास सोळांतील एकास आणि चार असल्यास पासष्टांतील एकासच.

हें कार्य केवळ खोलींत बसून झालें नाहीं. जमिनीखालील तारांजवळ भटकणारे विजेचे प्रवाह मोजण्यासाठीं ते आरंभीं शिडी घेतलेल्या एका मजुरासह शहरांतून हिंडत व रस्त्याखालील भुयारी खड्ड्यांत स्वतः उतरत. त्यांनीं लग्न केलें नाहीं. ग्रंथ व अभ्यास हाच त्यांचा संसार. मात्र त्यांच्याकडे आलेला गरजू रिकाम्या हातीं परतत नसे, आणि दिलेल्या मदतीचा बोभाटाही होत नसे. जानेवारी १९२९ मध्यें पोटाच्या दुखण्यामुळें त्यांस रुग्णालयांत जावें लागलें. शस्त्रक्रियेनंतर ता. ३ फेब्रुवारी रोजीं, वयाच्या ५१ व्या वर्षीं ते निवर्तले.

१९४६ सालीं आंतरराष्ट्रीय समितीनें टेलिफोनच्या वाहतुकीच्या मापास ‘एर्लांग’ हें नांव दिलें. एक लाईन सतत व्यापलेली असणें म्हणजे एक एर्लांग. वरील उदाहरणांतील मागणी नेमकी तितकीच आहे.

पुढें टेलिफोन कचेऱ्या संगणकावर चालूं लागल्या आणि नवें कोडें उभें राहिलें. एकाच वेळीं हजारों संभाषणें सांभाळावयाचीं आणि एकांत दोष उपजला तरी इतरांत खंड पडूं द्यावयाचा नाहीं, हें कसें साधावें ? स्वीडनमधील एरिक्सन कंपनीच्या प्रयोगशाळेंत जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग व माइक विल्यम्स यांनीं १९८६ च्या सुमारास त्यासाठीं एक प्रोग्रॅमिंग भाषा घडविण्यास आरंभ केला. तींत कामाचे असंख्य लहान भाग पाडतात. प्रत्येक भाग आपली स्मृति वेगळी राखतो व दुसऱ्याशीं केवळ निरोपानें व्यवहार करतो, मग तो दुसरा त्याच यंत्रांत असो वा दूरच्या यंत्रांत. एखादा भाग बंद पडल्यास त्यावर देखरेख ठेवणारा भाग तो पुनः सुरू करतो. इतरांचें काम चालूच राहतें. यंत्र न थांबवितां प्रोग्रॅमही बदलतां येतो. या भाषेस एर्लांग यांचेंच नांव देण्यांत आलें. एरिक्सनची भाषा असाही अर्थ त्यांत साधला. १९९८ सालीं कंपनीनें ती सर्वांस मोकळी केली, आणि पुढें व्हॉट्सॲपची निरोपयंत्रणाही तिच्या आधारें उभी राहिली.

एर्लांग यांनीं असा संगणक कधीं पाहिला नव्हता. परंतु ज्याला लाईन मिळाली नाहीं त्या अनोळखी माणसाचीही त्यांनीं आपल्या हिशेबांत दखल घेतली. शाळेंतील गणित पुढें कोणाच्या उपयोगीं पडतें, असा प्रश्न ज्या विद्यार्थ्याच्या मनांत येतो, त्यानें हें चरित्र अवश्य ध्यानांत ठेवावें.