कॉलऱ्याच्या विषाचा शोध लावणारे डॉ. शंभुनाथ डे

कॉलऱ्याचे जंतू आतड्यात विष सोडतात आणि त्यामुळेच रुग्णाच्या शरीरातील पाणी झपाट्याने निघून जाते, हे प्रयोगाने दाखवून देणारे संशोधक म्हणजे कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे. १ फेब्रुवारी १९१५ रोजी बंगालच्या हुगळी जिल्ह्यात त्यांचा जन्म झाला. १९४९ मध्ये त्यांनी लंडन विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कोलकात्यातच या जंतूचा अभ्यास केला होता. मात्र हा जंतू प्राण कसा घेतो, हे पुढील पाऊणशे वर्षे अनिर्णित राहिले. डॉ. डे यांनी सशाच्या आतड्याचा भाग दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जंतू सोडण्याची पद्धत अवलंबिली. तो निबंध १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे त्यांनी जंतू गाळून टाकलेला द्रव वापरला, तरीही आतड्यात पाणी साचले. हा निष्कर्ष ३० मे १९५९ रोजी 'नेचर' नियतकालिकात अवघ्या दोन पानांत प्रसिद्ध झाला.

प्रारंभी या निबंधाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. कालांतराने मात्र जगभरातील संशोधक त्याचा आधार घेऊ लागले. १९७८ मध्ये डॉ. डे यांना कॉलऱ्यावरील नोबेल परिसंवादाचे निमंत्रण मिळाले. नोबेल विजेते जोशुआ लेडरबर्ग यांनी नोबेल पुरस्कारासाठी त्यांच्या नावाची शिफारस केली होती. मायदेशात मात्र एकाही विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नाही.

१५ एप्रिल १९८५ रोजी त्यांचे निधन झाले. पुढच्याच वर्षी, शोधनिबंधांच्या संदर्भांची मोजदाद करणारे यूजीन गारफील्ड यांनी त्यांच्या कार्याच्या प्रभावावर स्वतंत्र लेख लिहिला. १९९० मध्ये 'करंट सायन्स'ने त्यांच्यावर विशेषांक काढला.